संस्थेसाठी ऑनलाइन देणगीचं सॉफ्टवेअर घ्यायचंय, नक्की काय तपासावं?

जास्वंद

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यात मुलींचं वसतिगृह चालवणारा आमचा एक छोटा सार्वजनिक न्यास आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे, १२ए (न्यासाच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट) आहे, एफसीआरए (परकीय देणगी घेण्याची नोंदणी) नाही. देणग्या चेकने, रोखीने आणि ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलेल्या क्यूआर कोडवर येतात. पावतीपुस्तक हाताने लिहितो. परवाच्या बैठकीत विश्वस्तांनी ठरवलं की संकेतस्थळावर 'देणगी द्या' बटण पाहिजे, आणि नेहमीप्रमाणे ते माझ्या गळ्यात पडलं.

काही विक्रेत्यांचे डेमो बघितले. सगळे तेच दाखवतात: सुंदर पान, हसऱ्या मुलीचा फोटो, ५००, १०००, ५००० ची बटणं आणि किती रक्कम जमली ते दाखवणारी हिरवी पट्टी. एक म्हणतो दोन टक्के घेऊ. एक म्हणतो वार्षिक वर्गणी भरा. एक म्हणतो तुम्हाला पूर्ण फुकट, देणगीदाराने खुशीने टिप दिली तर ती आमची. तिघांची तुलना कशी करायची तेच कळेना.

आमचे देणगीदार म्हणजे माजी विद्यार्थिनी, गावातून मुंबई-पुण्याला गेलेली मंडळी आणि मोजके परदेशात स्थायिक झालेले. प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा.

चहाबाज

क्यूआर, गूगल फॉर्म, एक्सेल. विषय संपला. सॉफ्टवेअरच्या वर्गणीत दोन मुलींची वह्या-पुस्तकं येतील.

हिशेबनीस

चहाबाज, विषय तिथूनच सुरू होतो. मी न्यासांची ऑडिटं करतो, त्यामुळे माझ्या टेबलावर हे सगळं शेवटी येतं, आणि मला वाटतं सॉफ्टवेअर शेवटाकडूनच बघायला घ्यावं. डेमोत विक्रेता देणगीचं पान दाखवतो. त्याला म्हणायचं, "ते राहू दे, मे महिना दाखव."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून ८०जी असलेल्या संस्थेला वर्षभरातल्या देणग्यांचं विवरण फॉर्म १०बीडीमध्ये ३१ मेपर्यंत आयकर पोर्टलवर भरावं लागतं. ते भरलं की प्रत्येक देणगीदारासाठी पोर्टल १०बीई हे प्रमाणपत्र तयार करतं, आणि देणगीदाराची वजावट त्याच्यावर चालते. तुमच्या छापील पावतीवर नाही! उशीर झाला तर कलम २३४जीप्रमाणे दिवसाला २०० रुपये. शिवाय २७१केखाली १० हजारांपासून १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

आता ती फाइल कशी असते ते बघा. प्रत्येक ओळीत देणगीदाराचा ओळख क्रमांक आणि तो पॅन आहे की आधार की आणखी काही त्याचा कोड, नाव, पत्ता, तुमच्या ८०जी मंजुरीचा क्रमांक आणि तारीख, देणगीचा प्रकार (कॉर्पस म्हणजे कायमनिधी, विशिष्ट अनुदान, इतर), कशी मिळाली आणि रक्कम. एकाच बाईंनी वर्षात बारा वेळा ऑनलाइन दिले असतील तर बेरीज करून एक ओळ. त्याच बाईंनी एकदा रोख दिले असतील तर त्याची दुसरी ओळ, कारण मिळण्याची पद्धत वेगळी. हे जोडकाम एक्सेलमध्ये करताना मी संस्थांच्या क्लार्कना रडकुंडीला आलेलं पाहिलंय. 'सविता पाटील', 'सौ. सविता एस. पाटील' आणि 'एस. आर. पाटील' या एकच की तिघी, हे मे महिन्यात कोण सांगणार? सॉफ्टवेअरने पॅनवरून ओळखून एकत्र आणलं पाहिजे.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: १०बीडीची फाइल एका बटणात निघते का, आणि निघाली तर ती पोर्टल जशीच्या तशी घेतं का? "एक्सेल निघते" हे उत्तर पुरेसं नाही. एक्सेल सगळ्यांचीच निघते.

दुसरं, आणि हे बऱ्याच विक्रेत्यांना सुचतच नाही: रोख आणि चेकच्या देणग्या त्याच सॉफ्टवेअरमध्ये भरता येतात का? येत नसतील तर तुमची दोन पावतीपुस्तकं झाली, दोन क्रममालिका झाल्या आणि मे महिन्यात दोन याद्या जोडायच्या आल्या. रोख भरताना २००० च्या वर रक्कम टाकली तर त्याने टोकलंही पाहिजे, कारण त्याहून जास्त रोख देणगीला ८०जीची वजावट मिळत नाही.

जास्वंद

धन्यवाद हिशेबनीस. मे महिन्याचं कोणीच दाखवलं नव्हतं. आमच्याकडे सध्या क्यूआरवर आलेले पैसे बँक स्टेटमेंटमध्ये नुसत्या यूपीआय आयडीने दिसतात. अर्ध्यांची नावं कळत नाहीत. ते लोक फोन करून पावती मागतील तेव्हा आम्ही शोधतो.

हिशेबनीस

आणि जे फोन करत नाहीत त्यांचं काय? ज्यांचं नाव-पत्ता तुमच्या दप्तरी नाही ती निनावी देणगी. कलम ११५बीबीसीनुसार एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यातलं जे जास्त असेल तेवढ्यापर्यंत सूट, त्यावरच्या निनावी देणगीवर ३० टक्के कर. निव्वळ धार्मिक न्यासाला हे लागू नाही, म्हणून देवळातल्या दानपेटीचं उदाहरण इथे देऊ नका. वसतिगृहाला लागू आहे.

भिंतीवरचा तो क्यूआर काढून टाका. त्याजागी देणगीच्या फॉर्मचा क्यूआर लावा. आधी नाव, पत्ता, मग पैसे. चहाबाज यांच्या पद्धतीत हा क्रम पाळता येत नाही, लोक पैसे पाठवून मोकळे होतात आणि गूगल फॉर्म तसाच राहतो.

चहाबाज

मान्य, पण दुसरी बाजूही ऐका. आईला एका संस्थेला हजार रुपये द्यायचे होते. फॉर्म उघडला तर पॅन, पत्ता, पिनकोड, जन्मतारीख सगळं सक्तीचं. पॅन कार्ड कपाटात, चष्मा टीव्हीवर. तिने फोन ठेवून दिला आणि हजार रुपये कामवाल्या मावशींच्या मुलीच्या फीसाठी दिले. म्हणजे दान झालं, पण त्या संस्थेचं गेलं. शिवाय २०२३-२४ पासून नवी कररचना आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०जीची वजावटच नाही. ज्यांना वजावट नकोच आहे त्यांना पॅनसाठी का छळायचं?

हिशेबनीस

मुद्दा एकदम रास्त. ११५बीबीसीसाठी नाव आणि पत्ता नोंदलेला लागतो, पॅन नाही. पॅन लागतो तो ८०जीच्या प्रमाणपत्रासाठी. त्यामुळे फॉर्मवर नाव, पत्ता, मोबाइल सक्तीचे आणि "मला ८०जीचं प्रमाणपत्र हवं आहे" अशी चौकट. तिच्यावर टिचकी मारली तरच पॅनचा रकाना उघडायचा. जन्मतारीख कशाला विचारतात देव जाणे. बहुतेक वाढदिवसाला पुन्हा देणगी मागायला.

हे बदल संस्थेला स्वतः करता येतात की प्रत्येक वेळी विक्रेत्याला मेल टाकावा लागतो, हेही डेमोतच बघून घ्या.

उंटावरचा_शहाणा

पॅनवरून आठवलं. मी पेमेंटच्या क्षेत्रात प्रोग्रामिंग करतो, दोन संस्थांना फुकट मदतही करतो. पॅनची रचना ठरलेली असते: पाच अक्षरं, चार अंक, शेवटी एक अक्षर. चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं, व्यक्ती असेल तर 'पी', कंपनी असेल तर 'सी', हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर 'एच'. लोक शून्याच्या जागी 'ओ' टाकतात. फॉर्मने हे जागच्या जागी पकडायला हवं. डेमोत मुद्दाम चुकीचा पॅन टाका. मुकाट्याने पुढे गेला तर तुमचा मे महिना कसा जाणार ते कळलंच.

आता खरी चाचणी. विक्रेत्याच्या लॅपटॉपवर नाही, तुमच्या स्वतःच्या फोनवर, खऱ्या दहा रुपयांची. यूपीआय ॲपमध्ये पिन टाका आणि पैसे गेल्याचा संदेश दिसला की लगेच ब्राउझर बंद करा. फॉर्मच्या पानावर परत जाऊच नका. खेड्यातल्या नेटवर्कवर हे रोज होतं. पैसे खात्यातून गेलेत, पान मात्र परतलेलं नाही. चांगलं सॉफ्टवेअर गेटवेकडून (देणगीदाराचे ऑनलाइन पैसे घेऊन संस्थेच्या बँकेत पोचवणाऱ्या कंपनीकडून) पाठीमागून येणाऱ्या संदेशावर, ज्याला आम्ही वेबहूक म्हणतो, पावती तयार करतं. टुकार सॉफ्टवेअर पान परत येण्यावर अवलंबून असतं. तिथे पैसे जमा होतात आणि पावती निघत नाही. देणगीदाराला वाटतं गेले नाहीत, तो पुन्हा देतो, मग दोनदा गेले म्हणून चिडतो.

त्याच दहा रुपयांचा परतावा करून बघा. पावती रद्द झाल्याची नोंद दिसते का, की पावती नुसती गायब होते? गायब होत असेल तर हिशेबनीसांसारखे लोक क्रमांकांमधली भगदाडं बघून जाब विचारतील.

हिशेबनीस

विचारीनच.

खजिनदार_काका

चर्चा चांगली चालली आहे. मी एका शिक्षण संस्थेचा खजिनदार, वय सत्तरीकडे, तरी हे सगळं शिकलो. पैशांच्या बाजूने लिहितो.

"दोन टक्के" म्हणजे काय ते खोदून विचारा. गेटवेचे दोन टक्के की सॉफ्टवेअरवाल्याचे? कित्येकदा सॉफ्टवेअरवाला स्वतःचे सांगतो आणि गेटवेचे वेगळे लागतात. रेझरपेसारख्या गेटवेचा जाहीर दर साधारण २ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे कार्डाने १००० रुपये आले तर २० अधिक ३ रुपये ६० पैसे कापून ९७६ रुपये ४० पैसे तुमच्या खात्यात. तो जीएसटी आपल्यासारख्या संस्थांना सहसा परत मिळत नाही. पावती मात्र १००० चीच द्यायची. जमेला १००० आणि खर्चाला २३ रुपये ६० पैसे. ९७६ ची पावती काढणारं एक सॉफ्टवेअर मी डोळ्यांनी पाहिलं आहे!

दर एकच नसतो. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून एमडीआर (पैसे घेणाऱ्याकडून कापलं जाणारं व्यवहार शुल्क) शून्य आहे, पण सेवाशुल्क म्हणून काही जण काहीतरी लावतात. म्हणून यूपीआय, डेबिट, क्रेडिट, नेट बँकिंग यांचे वेगवेगळे दर लेखी घ्या. मग स्वतःच्या गेल्या वर्षाच्या देणग्या समोर ठेवा. जास्वंदताई, तुमच्याकडे बहुतेक लोक यूपीआयने देणार, तेव्हा क्रेडिट कार्डाच्या दरावर घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. आणि कोणी ५० हजार, लाख देणारे असतील त्यांना सरळ खाते क्रमांक देऊन एनईएफटी करायला सांगा. त्यांच्यावर टक्केवारी कशाला द्यायची?

'फुकट' वाल्याबद्दल. टिपचा आकडा आधीपासून भरलेला असतो आणि तो शून्यावर आणायला बारीक अक्षरांतलं काहीतरी शोधावं लागतं. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने ११०० भरले, पावती १००० ची आली. फोन मला! तो १०० रुपये कुठे गेले विचारतोय आणि मी काय सांगणार. त्या १०० वर ८०जीही नाही. टिप मागू नये असं मी म्हणत नाही, पण ती शून्यापासून सुरू व्हावी. ते करायला तयार असतील तर फुकट वाईट नाही.

एक गोष्ट कोणी सांगणार नाही ती सांगतो. गेटवेचं खातं उघडायला न्यासाची केवायसी लागते: नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा न्यासपत्र, पॅन, विश्वस्तांचे कागद, रद्द केलेला चेक. इथे महाराष्ट्रातल्या अर्ध्या संस्था अडकतात. विश्वस्त बदललेले असतात, बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात पडून असतो, आणि परिशिष्ट १ च्या उताऱ्यावर (धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीवर) अजून दिवंगत अध्यक्षांचं नाव असतं. गेटवेवाला म्हणतो उताऱ्यावरच्या माणसाची सही आणा. आता ती कुठून आणायची? सॉफ्टवेअर निवडण्याआधी तुमचा उतारा काढून बघा.

मुळा_मुठा

काकांचा शेवटचा परिच्छेद सोन्याने मढवावा. आमचा बदल अर्ज अजून 'विचाराधीन' आहे.

चिमणराव_टू_पॉइंट_ओ

+१. वाचतोय.

जास्वंद

उतारा आजच मागवते! सुदैवाने आमचा गेल्या बदलानंतर अद्ययावत झालेला आहे असं आमचे सचिव म्हणतात. 'म्हणतात' वर विश्वास ठेवत नाही आता.

दरमहा देणगीबद्दल कोणी सांगेल का? माजी विद्यार्थिनींना महिना ३००-५०० जमेल, एकदम पाच हजार जमणार नाहीत.

उंटावरचा_शहाणा

छोट्या संस्थेला खरा आधार दरमहा देणगीचाच, पण तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात नाजूकही तीच.

रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (खात्यातून ठरावीक पैसे आपोआप कापायला दिलेल्या परवानगीचे) नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. पहिल्यांदा मँडेट देताना देणगीदार पिन किंवा ओटीपी टाकतो. नंतर दर महिन्याला पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना जाते आणि १५ हजारांपर्यंत पुन्हा ओटीपी लागत नाही. आधी ही मर्यादा ५ हजार होती, जून २०२२ मध्ये वाढवली. तुमच्या ३००-५०० ला काहीच अडचण नाही. यूपीआय ऑटोपे घ्या, माजी विद्यार्थिनींना कार्डापेक्षा ते सोपं जाईल, आणि कार्डाची मुदत संपली म्हणून देणगी थांबली असंही होत नाही.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न असे. खात्यात पैसे नव्हते म्हणून एखाद्या महिन्याचा हप्ता फसला तर पुढे काय होतं? पुन्हा प्रयत्न होतो का, संस्थेला कळतं का, देणगीदाराला जाणारा संदेश कोणत्या भाषेत आणि कोणत्या सुरात असतो? काही संदेश थकलेल्या कर्जदाराला धाडावेत तसे असतात. संदेशाचा मजकूर आपल्याला लिहिता आला पाहिजे. एसएमएस असेल तर त्याचा नमुना आधी डीएलटीवर (संस्था-कंपन्यांच्या एसएमएसच्या नोंदणी यंत्रणेवर) नोंदवावा लागतो, ते काम कोण करणार तेही विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मँडेट कोणाच्या नावावर आहेत? तुमच्या स्वतःच्या गेटवे खात्यावर की विक्रेत्याच्या? कार्डाचा क्रमांक संस्थेला साठवता येतच नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड कंपनी आणि बँक सोडून कोणालाच तो ठेवता येत नाही, फक्त टोकन (क्रमांकाऐवजी वापरायचा सांकेतिक कोड) असतं, आणि ते टोकन त्या गेटवेशी बांधलेलं असतं. उद्या विक्रेता सोडला तर नावं-पत्ते घेऊन जाता येतील, मँडेट सहसा नाही. प्रत्येकीला पुन्हा विनवणी करून नवं मँडेट घ्यायचं, आणि त्यात किती गळतील याचा नेम नाही. म्हणून गेटवेचं खातं संस्थेच्या नावे, संस्थेच्या पॅनवर आणि पैसे थेट संस्थेच्या बँक खात्यात, यावर तडजोड नको. सॉफ्टवेअर बदललं तरी गेटवे तोच राहिला तर मँडेट वाचण्याची शक्यता राहते.

एडिसनकर

उशिरा येतोय. धाग्यात परदेशस्थ देणगीदारांचा उल्लेख आहे म्हणून लिहितो, कारण इथे अमेरिकेतल्या आमच्या मंडळात दर गणपतीला हा घोळ होतो.

जास्वंदताई, तुमच्याकडे एफसीआरए नाही. म्हणजे परदेशी नागरिकाकडून एक रुपयाही घेता येत नाही, मग तो रुपयांत दिलेला असो, पुण्यातल्या एनआरओ खात्यातून (परदेशी राहणाऱ्यांच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यातून) दिलेला असो की सुट्टीत गावी आल्यावर हातात ठेवलेला असो. चलन कोणतं हा प्रश्नच नाही, पासपोर्ट कोणता हा आहे. माझ्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे, मी अमेरिकी नागरिक, म्हणून माझी देणगी 'परकीय'. माझ्या शेजाऱ्याचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, तो तेवढीच रक्कम नेहमीच्या बँक मार्गाने पाठवू शकतो. लोकांना हे पटत नाही. "मी याच गावचा, माझी मावशी त्या वसतिगृहात राहिली" वगैरे. कायदा मावशी बघत नाही.

त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये दोन गोष्टी बघा: परदेशात दिलेली कार्डं गेटवेवर बंद करता येतात का, आणि फॉर्मवर "मी भारतीय नागरिक आहे" हे सक्तीने विचारून ते उत्तर पावतीसोबत साठवलं जातं का. परदेशी कार्डं बंद ठेवल्याने आणखी एक फायदा: चोरलेली कार्डं चालतात का हे तपासायला भामटे देणगीचे फॉर्म वापरतात, दहा-वीस रुपयांच्या शेकडो देणग्या एका रात्रीत. देणगीच्या पानावर माल पाठवायचा नसतो, पत्ता जुळवायचा नसतो, म्हणून ते त्यांना सोयीचं पडतं.

पुढे एफसीआरए मिळालीच, तर २०२० च्या दुरुस्तीनुसार परकीय देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. देशी आणि परकीय पैसा एकाच गेटवे खात्यातून येऊन मग वाटून घ्यायची सोय नाही, खाती मुळातच वेगळी लागतात. इथल्या धर्मादाय संस्थांमार्फत पैसे आले तरी ते परकीयच राहतात, अमेरिकेत नोंदणी असल्याने भारतातला नियम सुटत नाही.

एक वेगळा मुद्दा, माहितीच्या सुरक्षेचा. ब्लॅकबॉड ही संस्थांसाठी देणगीचं सॉफ्टवेअर बनवणारी इथली बडी कंपनी. २०२० मध्ये तिच्यावर खंडणीखोर हल्ला झाला, १३ हजारांहून जास्त ग्राहक संस्थांची माहिती गेली, कंपनीने खंडणी दिली. बँक खात्यांचे तपशील गेले नाहीत असं आधी सांगितलं, पुढे ते गेल्याचं निघालं. मार्च २०२३ मध्ये रोखे नियामकाशी ३० लाख डॉलरची तडजोड, ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यांच्या ॲटर्नी जनरलांशी ४ कोटी ९५ लाखांची. देणगीदारांना पत्रं लिहून कळवावं लागलं ते मात्र संस्थांना. मोठं नाव आहे म्हणून निश्चिंत राहू नका. मुळात जी माहिती मागितलीच नाही ती चोरीलाही जात नाही, म्हणून चहाबाज यांच्या आईंची जन्मतारीख कोणी साठवू नये हे उत्तम.

चहाबाज

आईला वाचून दाखवलं. खूश आहे.

मुळा_मुठा

मराठीचं कोणी बोललंच नाही. बहुतेकांच्या फॉर्मवर 'मराठी' असं बटण असतं आणि ते दाबलं की 'दान करा आता' छापाची भाषा येते. त्याहून वाईट म्हणजे पावतीची पीडीएफ. 'ज्ञानेश्वर' आणि 'कुऱ्हाडे' ही दोन नावं टाकून पावती काढा. जोडाक्षर फुटलं, ऱ्ह चं भलतंच काही झालं तर त्यांनी देवनागरी कधी तपासलेलंच नाही. यादी एक्सेलमध्ये उघडल्यावर सगळीकडे प्रश्नचिन्हं आली तर तेच. नाव मराठी पावतीसाठी देवनागरीत आणि १०बीडीसाठी पॅनवर आहे तसं इंग्रजीत, असे दोन रकाने ठेवता येत असतील तर सोन्याहून पिवळं.

उंटावरचा_शहाणा

स्वतः उभारायची हौस असणाऱ्यांसाठी: सिव्हीसीआरएम हे देणगीदारांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर मुक्त स्रोत (फुकट, स्वतः बसवता येणारं) आहे, वर्डप्रेसवर बसतं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हिशेब-व्यवस्थापनाचं ईआरपीनेक्स्टही मुक्त स्रोत. पण सर्व्हर, बॅकअप, अद्ययावत करणं हे बघणारा कोणीतरी पाहिजे आणि तो 'कोणीतरी' दोन वर्षांनी बेंगळुरूला नोकरीला जातो. जास्वंद यांच्या संस्थेला मी सुचवणार नाही.

खजिनदार_काका

अनुमोदन. आमचा 'कोणीतरी' कॅनडाला गेला.

हिशेबनीस

ताळमेळाचं राहिलं होतं. गेटवे प्रत्येक देणगी वेगळी जमा करत नाही. दिवसभरातल्या सगळ्या एकत्र, शुल्क कापून, एकच रक्कम साधारण एक-दोन कामाच्या दिवसांत बँकेत येते. स्टेटमेंटवर दिसतं १८,४२७ रुपये आणि काही पैसे. त्यात कोणाचे किती? म्हणून पावती क्रमांक, गेटवेचा व्यवहार क्रमांक आणि बँकेचा यूटीआर (बँकेतल्या जमेचा क्रमांक) हे तिन्ही एका ओळीत दाखवणारा अहवाल पाहिजे. तो असेल तर टॅलीत नोंदी घालणं तासाभराचं काम.

याची परीक्षा ३१ मार्चला होते. रात्री साडेदहाला कोणी करबचतीसाठी देणगी देतो, पैसे संस्थेच्या खात्यात येतात एप्रिलमध्ये. देणगीदाराचे पैसे मार्चमध्ये गेले, पावती मार्चचीच हवी आणि जुन्या वर्षाच्या क्रममालिकेतली. तुमच्या ताळेबंदात ती रक्कम गेटवेकडून येणे. जे सॉफ्टवेअर जमा झालेल्या तारखेने पावती काढतं ते देणगीदाराचं वर्षच बदलतं. विक्रेत्याकडून गेल्या ३१ मार्च आणि १ एप्रिलच्या पावत्यांचा नमुना मागा, नावं झाकून देऊ दे.

आणि १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो, जुन्या ८०जीचं कलम त्यात १३३ झालंय. पावतीवरचा मजकूर आणि फाइलचा साचा बदलावा लागेल तेव्हा तो किती दिवसांत बदलून देणार, त्याचे वेगळे पैसे लावणार का, हे करारात लिहून घ्या. तुमच्या ८०जी मंजुरीची मुदत संपून नूतनीकरण झालं की नवा क्रमांक पावतीवर तुम्हालाच टाकता यावा, जुन्या पावत्यांवरचा क्रमांक मात्र बदलता कामा नये.

जास्वंद

मंडळी, तुमचे प्रश्न कागदावर उतरवून तिन्ही विक्रेत्यांना पुन्हा फोन केले. थोडक्यात वृत्तांत, नावं घेत नाही.

'फुकट' वाल्यांना टिप शून्यापासून सुरू करता येईल का विचारलं. "मॅम, ती सिस्टीमची रचना आहे." गेटवे खातंही त्यांच्याच नावावर, पैसे आठवड्याने आमच्याकडे. ते बाद.

दोन टक्केवाल्यांचे दोन टक्के गेटवे सोडून होते, काकांनी सांगितलं तसंच. ब्राउझर बंद करण्याच्या चाचणीत पावती आली, पण १०बीडीबद्दल विचारल्यावर त्यांनी एक्सेल दाखवली आणि रोख देणगीचा रकानाच नव्हता.

वार्षिक वर्गणीवाल्यांचं देणगीचं पान सगळ्यात कुरूप आहे. हिरवी पट्टीबिट्टी काही नाही. पण १०बीडीची फाइल निघाली, रोख २५०० टाकल्यावर लाल अक्षरात ओरडलं, चुकीचा पॅन अडवला आणि गेटवे आमच्या नावे. 'कुऱ्हाडे' मात्र फुटलं. दुरुस्त करून देतो म्हणालेत, ते झाल्याशिवाय पैसे भरणार नाही असं सांगितलंय. विश्वस्तांपैकी एकांना पान आवडलं नाही. त्यांना मे महिना दाखवणार आहे.

एक शेवटची शंका. या फॉर्मवर 'कॉर्पस' अशी चौकट आहे आणि ती आधीपासून टिचकी मारलेली येते. विक्रेता म्हणतो सगळ्या संस्था अशीच ठेवतात. चालेल का?

हिशेबनीस

अजिबात नाही, आजच काढायला सांगा. कॉर्पस म्हणजे देणगीदाराने स्वतःहून दिलेला स्पष्ट निर्देश असतो, तुम्ही त्याच्या वतीने टिचकी मारून ठेवलीत तर तो निर्देश कसला? शिवाय कॉर्पसची सूट हवी तर ती रक्कम कलम ११(५) मधल्या गुंतवणुकीत, त्या कॉर्पससाठी म्हणून वेगळी ठेवावी लागते. चौकट अशीच राहिली तर वर्षभराच्या सगळ्या ऑनलाइन देणग्या मुदतठेवीत अडकतील आणि जूनमध्ये मुलींच्या मेसचं बिल कशातून भरणार? चौकट रिकामी ठेवा, शेजारी एका ओळीत कॉर्पस म्हणजे काय ते साध्या मराठीत लिहा, आणि जो टिचकी मारेल त्याचा तो मजकूर, तारीख-वेळेसह, पावतीला जोडलेला निघतो का ते तपासा.